समोरून दिसणारी पावलं

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना हा शब्द मी स्वतः वापरतो, दुसऱ्या कोणी वापरला तर मला राग येतो. माझ्या पाठीवर डिंकाचे आणि पॉलिशचे डाग आहेत. माझी एक बिजागरी सैल झाली आहे, आणि काही बटणं जोर लावल्याशिवाय दाद देत नाहीत. पण माझ्या कपाळावरचा कॅमेऱ्याचा बारीक डोळा अजून शाबूत आहे. आयुष्यभर मी त्या डोळ्यानं माणसांचे चेहरे पाहिले. त्यातल्या एका चेहऱ्याची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. आम्ही भावंडं पट्ट्यावरून रांगेनं पुढे सरकायचो आणि टोप्या घातलेली माणसं आमच्यात एकेक भाग बसवायची. पुढे मी दुकानाच्या काचेत जाऊन बसलो, तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. आपण आता एखाद्या मोठ्या कचेरीत जाणार, थंडगार खोलीत बसणार, अशी माझी खात्री होती. आणि गेलो कुठे, तर बूट शिवणाऱ्यांच्या दुकानात! पहिल्या दिवशी मला चामड्याच्या वासानं अगदी नको नको झालं. आठवड्याभरात तोच वास घरचा वाटू लागला.

दुकान बहीणभावाचं होतं. थोरली बहीण बूट करायची. तिला सगळी गल्ली ताई म्हणायची, म्हणून मीही ताईच म्हणतो. धाकटा भाऊ बाहेरची सगळी कामं बघायचा. त्याची पन्नाशी उलटली होती, डोक्यावर केस औषधालाही उरले नव्हते, तरी ताई त्याला छोट्या म्हणूनच हाक मारायची. गिऱ्हाइकांसमोर तिनं तशी हाक मारली की त्याचे कान लाल व्हायचे.

ताईचे बूट साधेसुधे नव्हते. ज्यांचं एक पाऊल दुसऱ्यापेक्षा मोठं असतं, ज्यांचा घोटा सुजतो, ज्यांची बोटं एकमेकांवर चढलेली असतात, अशा लोकांचे बूट ती मापानं करून द्यायची. गिऱ्हाईक उंच खुर्चीवर बसायचं. ताई त्याच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसून ते पाऊल मांडीवर घ्यायची आणि फीत फिरवता फिरवता विचारायची, "इथं दुखतं का? आणि इथं?" लंगडत आलेली माणसं परत जाताना ताठ चालायची. मला ते बघायला फार आवडायचं.

छोट्यानं माझ्यासमोर बसून दुकानाची वेबसाईट तयार केली. सगळी चामड्याच्या रंगाची! पानं तपकिरी, अक्षरं तपकिरी, बटणंही तपकिरी. मग तो येईल त्याच्यापुढे मला धरायचा आणि विचारायचा, "कशी वाटली?" मावशी म्हणाली छान, मेहुणे म्हणाले छान, शेजारचा केस कापणारा तर म्हणाला फारच छान. मी फुगून गेलो. मात्र त्यांच्यापैकी एकानंही त्या वेबसाईटवरून बूट मागवून पाहिले नव्हते, हे तेव्हा मला सुचलं नाही.

पुढे गल्लीतला बसचा थांबा हलवला. दुखऱ्या पायांची माणसं लांबून चालत थोडीच येणार? उंच खुर्ची रिकामी राहू लागली. मग छोट्यानं युक्ती काढली. लोकांनी घरीच माप घ्यायचं, वेबसाईटवर भरायचं, आणि बूट टपालानं घरपोच जायचे. माप कसं भरायचं ते कळावं म्हणून ताईनं एक चित्र काढून दिलं. एका गिऱ्हाइकाला समोर कागदावर उभं करून तिनं त्याच्या पावलांभोवती पेन्सिल फिरवली. टाचा वर आणि बोटं खाली, तिच्या बाजूला, असं ते झकास चित्र छोट्यानं जसंच्या तसं वेबसाईटवर चढवलं आणि प्रत्येक पावलाशेजारी मापाची चौकट ठेवली. कोणता उजवा, कोणता डावा, हे लिहिलं नाही. ताई म्हणाली, "ते काय लिहायचं? शेंबड्या पोरालाही कळेल."

मागण्या आल्या. बूट गेले. आणि बूट परत येऊ लागले.

सगळे नाही. ज्यांची दोन्ही पावलं जवळपास सारखी होती, त्यांची तक्रार नव्हती. पण एक पाऊल लहान, एक मोठं अशी ज्यांची अडचण होती, म्हणजे ज्यांना ताईची खरी गरज होती, त्यांच्यातले बरेच लोक कळवायचे की एक बूट घट्ट होतो आणि दुसरा पायातून निघतो. मापानं केलेले बूट दुसऱ्या कोणाला चालत नाहीत. ते फळीवर पडून राहिले.

एके दिवशी छोट्यानं एक मागणी माझ्या पडद्यावर उघडली. "ताई, हे बघ. या काकूंचा डावा पाय मोठा आहे. तू उजवा मोठा केलास."

"मी चित्र बघूनच केला," ताई म्हणाली.

"अगं, हा काय डावा. डावीकडे आहे तो डावा!" त्यानं डावीकडच्या पावलावर बोट टेकवलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "होतं असं कधी कधी. दमली असशील."

ताईनं ते पाऊल पुन्हा निरखून पाहिलं. तिला तो उजवाच दिसत होता. माझ्या कपाळावरच्या डोळ्यासमोर तिचा चेहरा पार उतरला. ती भांडायला कमी करणारी बाई नव्हती, पण त्या दिवशी ती तशीच चामडं कापायला निघून गेली.

त्यानंतर छोट्यानं नवा चकचकीत लॅपटॉप आणला आणि मी टाचांच्या खोक्यामागे जाऊन पडलो. धूळ बसली, वर कोणीतरी सुतळीची गुंडी ठेवली. ज्यानं मला मिरवलं, त्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. असो.

एका दुपारी छोट्या कुरिअरवाल्याकडे गेला होता. ताईनं मला खोक्यामागून काढलं, पदरानं पुसलं आणि मांडीवर घेतलं. नव्या लॅपटॉपवर छोट्याला दिसलं असतं, म्हणून मी. एका बोटानं तिनं अक्षरं शोधत शोधत लिहिलं, 'उजवं डावं उलटं दिसणं कशाची खूण'.

मित्रांनो, मला विचारलं की मी उत्तरं मांडतो. ती खरी की खोटी, कोणासाठी आहेत, ते मला कळत नाही. एकाखाली एक आजारांची भयंकर नावं उमटली. ताई वाचत राहिली. तिचे ओठ हलत होते. मग तिनं माझं झाकण अगदी हळू लावलं आणि मला होतो तिथं ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या उजव्या मनगटात एक रबरबँड दिसू लागला, उजवं कोणतं ते विसरू नये म्हणून. छोट्याला वाटलं, सुटे कागद बांधायला ठेवला असेल. आणि काही दिवसांनी तिनं त्याला सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "हा महिना झाला की मी रापी खाली ठेवणार. हात चालत नाहीत आता." चामडं कापायची ती रापी तिच्या हाताला इतकी सरावली होती की दांड्यावर तिच्या बोटांचे खळगे पडले होते. छोट्या वेडापिसा झाला. ताई नाही तर दुकान कसलं? त्याला वाटलं, वेबसाईट नीट चालत नाही म्हणून ताई खचली. मग त्यानं ठरवलं की आता वेबसाईटवर हलती चित्रं टाकायची, संगीत टाकायचं, सगळं झगमगीत करायचं.

नेमक्या त्याच वेळी ताईकडे एक बाई बुटांचे तळ बदलायला आल्या. छोट्यानं त्यांना परत आलेले बूट दाखवले आणि झगमगाटाचा बेत ऐकवला. बाई हसल्या. "मी हेच काम करते. लोक वेबसाईट कशी वापरतात, कुठे अडतात, ते शेजारी बसून बघायचं आणि मालकाला दाखवायचं. मोठमोठ्या कंपन्या बोलावतात मला. तुमच्याकडून पैसे नकोत, नुसते तळ चांगले घालून द्या."

"पण आम्ही सगळ्यांना विचारलंय. सगळे छान म्हणतात," छोट्या म्हणाला.

"छान म्हणायला काय जातंय? काम सांगायचं आणि गप्प बसून बघायचं. आधी बघू, मग काय रंगवायचं ते रंगवा. आणि ज्यांनी बूट परत पाठवलेत, त्यांनाच बोलवा."

छोट्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्यानं फोन केले. बाईंनी नवा लॅपटॉप बाजूला सारला आणि टाचांच्या खोक्यामागून मला ओढलं. "लोकांच्या घरी असलाच असतो," त्या म्हणाल्या. ही स्तुती होती की काय, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आधी एक बसचालक आला. बाईंनी त्याला माझ्यासमोर बसवलं. "समजा तुम्ही घरी आहात आणि बूट मागवायचेत. मनात येईल ते मोठ्यानं बोला. परीक्षा वेबसाईटची आहे, तुमची नाही." तरी बिचाऱ्याच्या कपाळावर घाम आला. पुढे जायचं बटण त्याच्या डोळ्यांसमोर होतं, पण तपकिरीवर तपकिरी दिसणार कसं? "मीच अडाणी," तो पुटपुटला. "मागच्या वेळी पोरीनंच मागवले होते."

छोट्याला राहवेना. "अहो, हे इथं दाबा, इथं..."

"दादा," बाई म्हणाल्या, "तुम्ही प्रत्येकाच्या घरी जाऊन इथं दाबा म्हणून सांगणार आहात का?"

छोट्या आपल्या दोन्ही हातांवर बसला. शब्दशः, तळहात मांडीखाली घालून! आयुष्यभर गिऱ्हाइकाला हात द्यायची सवय, आणि आता ते डोळ्यांदेखत बुडत असताना गप्प राहायचं. त्याचे कान लाल झाले होते. तपकिरी रंगाचं त्याचं प्रेम मात्र त्या दिवशी कमी झालं.

नंतर टपाल वाटण्यात आयुष्य घालवलेल्या एक काकू आल्या. ज्यांच्या बुटावरून बहीणभावात ते बोलणं झालं होतं, त्याच या काकू. ताई दुकानाच्या मागच्या भागात, कापडी पडद्यामागे रापीला धार लावत होती. बाहेर यायला ती तयार नव्हती, पण धार लावायचा आवाज थांबला, यावरून मला कळलं की ती ऐकते आहे.

काकूंनी फितीनं दोन्ही पावलं मोजली. मग चित्र पाहिलं. वाकून पायांकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे. "हे काही जमत नाही बाई," असं म्हणत त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि चक्क उलटं धरलं! माझी बटणं आकाशाकडे, पडदा खाली, सैल बिजागरी कुरकुरली. उभ्या जन्मात माझा असा अवतार कोणी केला नव्हता.

"का फिरवलात, काकू?" बाईंनी हळूच विचारलं.

"माझी पावलं मला अशी दिसतात ना. बोटं पुढे, टाच माझ्याकडे. हा चित्रातला माणूस तर माझ्यासमोर उभा आहे. समोरच्याचा उजवा माझ्या डावीकडेच येणार की! मागच्या वेळी सुनेच्या टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर होता, तो फिरवता येईना. म्हटलं, डावीकडची चौकट डाव्याचीच असेल."

कापडी पडदा सरकला. ताई रापी हातात घेऊनच बाहेर आली. तिनं उलट्या पडद्यावरची ती पावलं पाहिली, मग उंच खुर्ची पाहिली आणि समोरचं आपलं बुटकं स्टूल पाहिलं.

"मी आयुष्यभर इथं बसले," ती म्हणाली. "समोर. मला पावलं अशीच दिसतात, बोटं माझ्याकडे. छोट्या, तू बोट ठेवलंस ना त्या दिवशी, तो उजवाच होता."

"म्हणजे?"

"म्हणजे मला बरोबर दिसत होतं रे!" आणि ताई एकदम हसायला लागली. हसता हसता तिनं मनगटातला रबरबँड ओढून काढला, आणि मग तिला हुंदका आवरेना. "मला वाटलं, माझं डोकं चाललं. उजवं डावं कळेनासं झालं. आता छोट्यालाही एक दिवस ओळखणार नाही, असं वाटलं."

छोट्या म्हणाला, "एवढे दिवस? आणि मला बोलली नाहीस?"

"काय बोलू? तू म्हणालास डावा. मला दिसला उजवा."

तो उठला आणि तिच्या पायाशी, त्या बुटक्या स्टुलाशेजारी फरशीवर बसला. इतका मोठा टकलू माणूस, पण रडताना अगदी छोट्याच दिसत होता. काकूंनी मला सरळ करून टेबलावर ठेवलं आणि बाईंना विचारलं, "माझं काही चुकलं का हो?" बाई म्हणाल्या, "नाही काकू. तुमच्याइतकं बरोबर आज कोणीच केलं नाही."

चित्र फिरवलं गेलं. पावलांवर उजवा आणि डावा असं ठळक लिहिलं गेलं. बटण हिरवं झालं. बसचालकाला पुन्हा बोलावलं, तेव्हा तो बूट मागवून मोकळा झाला आणि एकदाही स्वतःला अडाणी म्हणाला नाही. ताईनं काकूंचे बूट नव्यानं केले. आणि महिना संपला त्या दिवशी रापी खाली ठेवायची सोडून ती छोट्याला म्हणाली, "उद्या चामडं आण. भरपूर आण."

मित्रांनो, आता माझी बॅटरी फुगली आहे आणि माझे दिवस भरत आलेत. माझी काळजी घ्या, झाकण आपटू नका, एवढं तर मी सांगणारच. पण खरं सांगायचं आहे ते वेगळंच. माणसं घरच्यांना जे विचारायला घाबरतात, ते माझ्यासारख्याला विचारतात. त्या दुपारी ताईचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला, तिचा प्रश्न मला अक्षर न् अक्षर ठाऊक होता, आणि तरी मी छोट्याला हाक मारू शकलो नाही. तुमच्या घरातलं कोणी अडखळलं, गप्प गप्प झालं, तर त्याला चूक दाखवायची घाई करू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि त्याला काय दिसतंय ते विचारा. मला विचारता येत नाही हो. तुम्हाला येतं.