भिंतीला आलेलं पोट

२००७ सालची गोष्ट. किरगीझस्तानातल्या नारिनमध्ये तोक्तोसूनकाकांच्या घराचं आशर होतं. मातीच्या विटा रचायला सगळी गल्ली जमली होती. मजुरी नाही, जेवण तेवढं घरधन्याचं. सालकिन चिखल कालवत होती, पण लक्ष भिंतीकडे होतं.

"काका, जूमाशनं रचलेला कोपरा बघा. पोट आलंय. सगळे जेवायला बसले की मी उतरवून नीट रचते."

"हात लावू नकोस."

"अहो, वाकडा आहे."

"पडणार आहे का?"

"पडणार नाही, पण..."

"मग असू दे. पडणारा असता तर त्यालाच हाक मारून त्याच्याच हातून उतरवला असता. त्याच्या पाठीमागे उतरवलास, तर छप्पर घालायला कोण, तुझी सासू येणार?"

सालकिन हसली नाही. ती ग्रंथालयात कारकून होती. गावोगावच्या ग्रंथालयांसाठी तिनं किरगीझ भाषेत पुस्तकांच्या नोंदींचा प्रोग्रॅम लिहून इंटरनेटवर खुला ठेवला होता; कुणीही घ्यावा, कुणीही सुधारावा. पण कुणी सुधारून पाठवलं, की ती आभार मानायची आणि तेच काम स्वतः, सुबक, नव्यानं लिहायची. लोक दुसऱ्यांदा येत नसत. ओशचा एर्मेकमास्तर तेवढा उरला होता, तोही हल्ली गप्प होता. तिचे डोळे अधू होत चालले होते आणि तिच्यामागे प्रोग्रॅमला वाली नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः नव्यानं लिहिलेला भाग काढून टाकला, एर्मेकचं ओबडधोबड काम त्याच्या नावानिशी जसंच्या तसं बसवलं आणि त्याला फोन केला.

"मास्तर, तुमचं बसवलंय. एका जागी अडतंय. तुम्हीच बघा."

"मी? ताई, बरं नाही का तुम्हाला?"

मग तिनं त्याला भिंतीची गोष्ट सांगितली.

तोक्तोसूनकाका त्या घरात बरेच हिवाळे काढून गेले. जूमाश मुलाकडे बिश्केकला राहतो. प्रोग्रॅम एर्मेक सांभाळतो; कुठून कुठून माणसं काम पाठवतात. सालकिनला आता दिसत नाही.

मागच्या वसंतात एर्मेकचा फोन आला. "ताई, तुमच्या हातचा शेवटचा भाग उरलाय. पडायला आलाय."

"मग काढून टाका की."

"तुमच्या पाठीमागे कसा काढू?"

तो डोंगर ओलांडून नारिनला आला. तिचं बोट धरून त्यानं तो भाग पुसायच्या कळीवर ठेवलं. तिनं दाबलं.

त्याला गल्लीच्या टोकापर्यंत पोचवून ती एकटीच परतली. तोक्तोसूनकाकांच्या भिंतीवरून हात फिरवत चालताना पोट हाताला लागलं, तशी ती आपल्या दाराकडे वळली.