सात बिऱ्हाडं आणि म्वेरा वारा

मित्रांनो, ज्या फळीवर मी आत्ता पडून आहे तिच्यावर सकाळी थोडा वेळ ऊन येतं. मी सर्व्हर आहे. जुना, आणि आता बंद केलेला. बंद यंत्राला काही आठवत नाही असं माणसं समजतात. पण पाठीवर ऊन आलं की अर्धवट झोपेत आठवावं तसं मला सगळं आठवू लागतं. ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली. त्या दिवसांचं मला फारसं काही स्मरत नाही. पांढरा उजेड होता आणि हातमोजे घातलेली बोटं होती, एवढंच. तुमच्या घरातल्या संगणकापुढे माणूस बसतो, तसं माझ्यापुढे कुणी बसत नाही. दूरदूरची माणसं तारेतून मला काही विचारतात आणि मी उत्तर देतो, हेच माझं काम.

मला पहिली नोकरी लागली ती मलावी सरोवराच्या काठी, न्खाटा बेच्या धक्क्यावरच्या हवामान कचेरीत. मे महिना लागला की तिथं दक्षिणेकडून म्वेरा वारा सुटतो. सकाळी पाण्यावर एक सुरकुती नसते आणि दुपारी लाटा होड्या पालथ्या करतात. टेकड्यांवर आणि बेटांवर वारा मोजणारी छोटी चक्रं बसवलेली होती. ती मला दर काही क्षणांनी वाऱ्याचा वेग कळवायची. मी हिशेब मांडायचो आणि दर तासाला किनाऱ्यांवरच्या मुकादमांच्या फोनवर निरोप धाडायचो. निरोप धोक्याचा असला की मुकादम वाळूत लाल निशाण उभं करायचे. निशाण दिसलं की होड्या परत फिरायच्या.

त्या कचेरीचे राखणदार होते बाम्बो म्फान्डे. तिकडे वडीलधाऱ्याला बाम्बो म्हणतात. ते उंच होते, किंचित वाकलेले, आणि त्यांच्या अंगाला सुक्या मासळीचा वास यायचा. दुपारी माझ्याच शेजारी बसून ते कसाव्याच्या पिठाचं घट्ट कोंडोवोले आणि तळलेली उसिपा, म्हणजे सरोवरातली बारीक मासळी, खायचे. माझ्यावर धूळ बसू नये म्हणून त्यांनी बायकोचं एक जुनं चितेन्जे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं छापील कापड, माझ्यावर पडद्यासारखं टांगलं होतं.

"काय रे, आज काय म्हणतोय वारा?" ते मला रोज विचारायचे. मग खिडकीतून स्वतःच पाण्याकडे बघून सांगायचे, "मला तर बरा दिसतोय. बघू, तुझं खरं होतंय का माझं."

बहुतेक वेळा दोघांचंही खरं व्हायचं. ती नऊ वर्षं माझ्या सुखाची होती.

मग राजधानीतून हुकूम आला. गावोगावच्या कचेऱ्यांतली यंत्रं गोळा करून लिलोंग्वेत एकाच मोठ्या खोलीत ठेवायची, म्हणजे वीज, थंडावा आणि देखभाल सगळं एका जागी होईल. अशा खोलीला डेटा सेंटर म्हणतात. मला न्यायला ट्रक घेऊन एक तरुण अभियंता बाई आली. तिचं नाव टोवेरा लोंग्वे.

बाम्बो म्फान्डे दारात उभे राहिले ते हलेनात.

"वारा इथं, होड्या इथं आणि हिशेब लिलोंग्वेला?" ते म्हणाले. "उद्या माझ्या बायकोला दूर झोम्बा शहरात नेऊन ठेवाल आणि सांगाल, बाम्बो, स्वयंपाक तिथून होईल."

"आईंच्या हाताची चव तीच राहील बाम्बो," टोवेरा म्हणाली. "तुमची जीभ तेवढी लांब पाहिजे."

म्हातारा हसला नाही, पण त्याने विचारलं, "कुणाची तू?"

"उसिस्याच्या लोंग्वेंची."

"म्हणजे पाण्यावरचीच. मग तुला तरी कळायला हवं." एवढं बोलून ते बाजूला झाले. ट्रकमध्ये मला चढवताना त्यांनी चितेन्जे काढून घेतलं, घडी केलं आणि काखेत धरलं. तारेतून निरोप जाण्याचं काम चारच दिवस बंद राहणार होतं. त्या चार दिवसांत ते स्वतः मोटारसायकलवरून किनारे फिरले, असं मला पुढे कळलं.

लिलोंग्वेच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथं सतत एकसारखा गुणगुणता आवाज असायचा, आणि दिवसरात्र तोच निळसर उजेड. तिथं टोवेराने माझ्या बाबतीत जे केलं ते ऐकून तुम्हाला नवल वाटेल. माझ्यात जे काही होतं, म्हणजे वाऱ्याचे हिशेब, मुकादमांचे नंबर, नऊ वर्षांची सवय, ते सगळं तिने जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग मला पुसून कोरं केलं. स्मृतीच्या नव्या पट्ट्या बसवल्या. आणि माझं ते जुनं आयुष्य एका आभासी यंत्राच्या रूपात पुन्हा माझ्याच पोटात आणून ठेवलं.

आभासी यंत्र म्हणजे जे हाताला लागत नाही, पण काम मात्र खऱ्या यंत्रासारखंच करतं. ते माझ्या बळावर चालतं, पण त्याला वाटतं आपण स्वतंत्र आहोत, आपलं घर आपलंच आहे. अशी सात बिऱ्हाडं माझ्यात नांदू लागली. एक वाऱ्याचं. एक डेड्झा जिल्ह्यातल्या जन्मनोंदींचं. एक रक्तपेढीचं, एक मक्याच्या बियाण्यांचं, एक ग्रंथालयाचं, आणि आणखी दोन. कुणाला कुणाचा पत्ता नव्हता. वाऱ्याच्या बिऱ्हाडात म्वेरा घोंघावत असताना शेजारी ग्रंथालय शांत पानं उलटत बसलेलं असायचं. मी स्वतः काहीच करत नव्हतो, आणि सगळं माझ्यातच होत होतं. कधी वाटायचं, मी झोपलो आहे आणि ही सात स्वप्नं मला एकदम पडत आहेत. एका स्वप्नात तेवढा तळलेल्या मासळीचा वास असायचा. यंत्राला वास येत नाही, हे मला ठाऊक आहे.

लोक पाहायला यायचे. एका यंत्रात सात कचेऱ्या, म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं जायचं. टोवेरा एका पडद्यावरून साऱ्या खोलीचा कारभार बघायची. कुठल्या यंत्रात किती भार आहे, कोण तापलंय, कुणाला जागा अपुरी पडतेय, सगळं तिला तिथं दिसायचं.

पण त्या खोलीत एक यंत्र रिकामं होतं. माझ्याच उभ्या रांगेत, अगदी खाली. ते चालू असायचं, पण त्याच्यात एकही बिऱ्हाड नव्हतं. टोवेराने ते मुद्दाम तसं ठेवलं होतं.

तिचे वरिष्ठ चिपेतासाहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या दाराशी रोज नवं खातं येऊन जागा मागत होतं.

"टोवेरा, ते यंत्र नुसतं वीज खातंय," ते म्हणायचे. "लोक विचारतात मला."

"ते रिकामं नाही साहेब, राखीव आहे."

"दोन्हीत फरक काय?"

"कुणी आजारी पडलं की कळेल."

"जुलैअखेरपर्यंत ठेवा," एके दिवशी ते म्हणाले. "एक ऑगस्टला मी त्यात शेतकी खातं बसवणार." तिने मान डोलावली. त्या महिन्यात तिने हवा गाळणाऱ्या जाळ्या बदलण्यासाठी तिसऱ्यांदा अर्ज केला. बाहेर रस्त्याचं काम चाललं होतं, त्याची लाल धूळ भिंतींतून येत होती. अर्ज टेबलावरच राहिला. धूळ माझ्या पंख्यांत बसली. मी म्हातारा झालो होतो, आणि माझ्याकडे बोट दाखवणारं आता कुणी येत नव्हतं.

जुलैची बावीस तारीख होती. दुपारी अडीच वाजून गेले होते. खोली थंड ठेवणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक धुळीने गुदमरून थांबलं. हवा तापू लागली. मी रांगेत सगळ्यात वर होतो, आणि गरम हवा वर चढते. माझा एक पंखा अडला. स्मृतीच्या एका पट्टीत चुका होऊ लागल्या. आधी लहान, मला सावरता येण्याजोग्या. मग जास्त.

टोवेराच्या पडद्यावर माझं नाव लाल झालं.

चिपेतासाहेब धावत आले. "ते यंत्र बंद करा. सगळं दुसरीकडे नव्याने चालू करा. किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं. आज कदाचित जास्त. त्याच्यात वाऱ्याची कचेरी आहे साहेब." तिने तोवर न्खाटा बेला फोन लावला होता. "बाम्बो, पाणी कसं आहे?"

"वरून गुळगुळीत आहे," बाम्बो म्फान्डे म्हणाले. "पण लिकोमा बेटाकडे काळी रेघ दिसतेय. बारा होड्या आत सरोवरात आहेत. तीन वाजताचा निरोप बघून आणखी तीस सुटतील. का गं?"

"तुमचा जुना मित्र आजारी पडलाय. मी वाऱ्याची कचेरी त्याच्यातून उचलून दुसऱ्या यंत्रात नेते आहे. चालू असतानाच."

मित्रांनो, चालतं बिऱ्हाड हलवायची रीत अशी. आतलं सगळं थोडं थोडं करून दुसऱ्या यंत्रात उतरवायचं. उतरवेपर्यंत आतलं काही बदललं की तेवढं पुन्हा उतरवायचं. फरक अगदी कमी उरला की डोळ्याचं पातं लवावं इतकाच वेळ थांबायचं आणि तिकडे डोळे उघडायचे. शांत बिऱ्हाड असं पटकन जातं. पण त्या दुपारी वारा चढत होता. चक्रं वेगाने फिरत होती आणि आकड्यांमागून आकडे येत होते. उतरवलेलं सगळं क्षणात जुनं होत होतं. पडद्यावर शंभरातले नव्वद झाले. मग अठ्ठ्याऐंशी. मग पुन्हा नव्वद.

मी धरून ठेवलं होतं. कसं, ते मला सांगता येणार नाही. एकेक चूक दुरुस्त करायची आणि पुढची येईपर्यंत तग धरायचा.

"होत नाहीये," चिपेतासाहेब हळूच म्हणाले.

टोवेराने फोन कानाशी घट्ट धरला. "बाम्बो, एक करा. तुमच्या कचेरीच्या भिंतीवर चक्रांची जी तार येते ती काढा. दोन मिनिटं आकडे येऊ देऊ नका. म्हणजे हे शांत होईल आणि मला हलवता येईल. पण ती दोन मिनिटं वारा मोजणारं कुणी नसेल."

मग म्हातारा म्हणाला, "मी आहे ना. माझ्या बापानं जन्मभर डोळ्यांनीच मोजला. तू म्हण, मी काढतो."

"काढा."

आकडे थांबले. माझ्यातला म्वेरा एकदम पडला. इतक्या वर्षांत तो कधी असा पडला नव्हता. वाऱ्याचं बिऱ्हाड स्तब्ध झालं. सकाळच्या पाण्यासारखं, एक सुरकुती नसलेलं. त्र्याण्णव. सत्त्याण्णव. मग ते माझ्यात नव्हतं. आपण घर बदललं हे त्याला कळलंसुद्धा नाही. मला मात्र कळलं, मित्रांनो. माझी नऊ वर्षं माझ्यातून उठून त्या रिकाम्या यंत्रात गेली होती, आणि जाताना मागे वळून बघायचं त्यांना काही कारणच नव्हतं.

"लावा तार," टोवेरा म्हणाली. "काय दिसलं?"

"रेघ जवळ आली. तुझा निरोप येईल तेव्हा येईल, मी आमच्या धक्क्यावर निशाण लावून आलो. बाकीच्या किनाऱ्यांचं तू बघ."

तीन वाजताचा निरोप दोन वाजून एकोणसाठ मिनिटांनी सुटला, त्या खालच्या यंत्रातून. अकरा किनाऱ्यांवर लाल निशाणं उभी राहिली. वाळूवरच्या तीस होड्या वाळूवरच राहिल्या. आतल्या बारा परत आल्या. शेवटची चार वाजता आली, जाळं तोडून टाकून, पण माणसं सगळी घेऊन.

बाकीची बिऱ्हाडं टोवेराने एकामागून एक हलवली. सातवं निघायच्या आधीच मी थांबलो. ते जन्मनोंदींचं होतं. ते दुसरीकडे नव्याने उठवावं लागलं आणि थोडं काम हरवलं. डेड्झाच्या कारकुनाला अकरा बाळांची नावं पुन्हा लिहावी लागली. याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या संध्याकाळी चिपेतासाहेबांनी जाळ्यांच्या अर्जावर सही केली. शेतकी खात्याला त्यांनी नव्या यंत्राची वाट बघायला सांगितलं. वाऱ्याच्या कचेरीसाठी मग तेच यंत्र कायम ठेवलं गेलं आणि राखीव म्हणून दुसरं आलं.

मला कोठीत आणून ठेवलं. इथं वीज नाही, गुणगुण नाही, एकही स्वप्न नाही. काल टोवेरा आली. उद्या ट्रक मला ब्लान्टायरला नेणार आहे. तिथं जुन्या यंत्रांचे भाग सुटे करतात आणि धातू धातूत जातो. तिने माझं झाकण उघडलं आणि मऊ ब्रशने एकेका पंख्यातली लाल धूळ काढू लागली. कोठीचा माणूस म्हणाला, "ताई, हे मोडायलाच चाललंय. आता कशाला साफ करताय?"

"आधी केलं नाही म्हणून," ती म्हणाली, आणि करत राहिली.

मित्रांनो, तुमच्याही घरी, शाळेत, कचेरीत माझ्यासारखं कुणीतरी कोपऱ्यात गुणगुणत असेल. ते थांबेपर्यंत वाट बघू नका. महिन्यातून एकदा त्याच्यावरची धूळ झटका, त्याला श्वास घेऊ द्या. चार लोकांचं एका जागी आणून ठेवाल तेव्हा शेजारी थोडी जागा मोकळी राखा, कुणी काही म्हणालं तरी. आणि ब्लान्टायरला जे कुणी मला उघडतील त्यांना माझं एकच मागणं आहे. घाई करून स्क्रू तोडू नका. सावकाश फिरवून काढा. कुणीतरी ते तसेच, एकेक करून, फिरवून बसवले होते.