कोपऱ्यातल्या घराचा व्हॉल्व्ह

मी एक जुना संच आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल, कारण मी एका सहा मजली इमारतीच्या तळघरात राहतो. मी गॅस जाळून वीज करतो, आणि ते करताना माझे अंग तापते ती उष्णताही फुकट घालवत नाही. तिच्यावर पाणी तापवून घराघरांत पाठवतो. खोल्या उबदार करून ते पाणी माझ्याकडे परत येते. किती निवून आले, यावरून मला घरे ओळखू येतात. कोण बाहेरगावी गेले, कोणी खिडकी उघडी टाकली, सगळे कळते. चहाड्या मात्र मी करत नाही.

नवा होतो तेव्हा माझा तोरा काय सांगू! शंभर भाग गॅसमधले निदान सत्तर भाग कामी आले पाहिजेत, असा नियम होता. मी अठ्ठ्याहत्तर भरायचो. मला सांभाळणारे मिस्त्री मला 'पैलवान' म्हणत आणि स्वतःच्या रुमालाने पुसत.

पुढे बिऱ्हाडे कमी झाली. ऊब घ्यायलाच कोणी नाही, तर ती कामी कशी येणार? माझा आकडा सदुसष्टावर आला. सत्तरच्या खाली गेलेला संच काढून टाकतात. तपासणी आठवड्यावर आली आणि मिस्त्रींचे जेवणावरचे लक्ष उडाले.

तेव्हा त्यांनी एक चूक केली. पाचव्या मजल्यावर कोपऱ्यात एक घर होते. ते कोणी सोडून गेलेले नव्हते. तिथे कधी कोणी राहिलेच नव्हते. त्याच्या पाइपाचा इथल्या तळघरातला व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासून बंद होता. मापकाला काय, पाणी घरात जाऊन निवून आले की उष्णता कामी आली.

"पैलवान, थोडीशीच ढकलू तिकडे," असे म्हणून मिस्त्रींनी तो उघडला.

रिकाम्या घराला कितीशी ऊब लागणार? पण तिथून परत आलेले पाणी इतके गार होते की मला हीव भरले. आकडा सत्तर झाला, मग शहात्तर, आणि तपासणीच्या दिवशी अठ्ठ्याऐंशी. तपासायला आलेल्या साहेबांनी मला प्रशस्तिपत्र दिले. मीही फुगलो, खोटे कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मिस्त्री त्या घरात जाऊन आले.

"पाइपाला हात लावला तर चटका बसतो," ते मला म्हणाले, "आणि खोलीत तोंडातून वाफ निघते. खिडक्या सगळ्या बंद आहेत रे."

तरीही त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला नाही. पुढच्या तपासणीतही आकडा भरायला हवा होता.

त्या घराच्या खालीच एक बाळंतीण राहत असे. तिच्याकडे मी पाठवलेली ऊब अर्ध्या वाटेतच वर ओढली जाऊ लागली. मी जीव तोडून तापत होतो, पण तिच्यापर्यंत पोचत नव्हतो. एके दुपारी ती बाळाला दोन पांघरुणांत गुंडाळून तळघरात आली.

"काका, ह्याच्या पायाला हात लावून बघा. सकाळपासून रडलासुद्धा नाहीये हो."

मिस्त्रींनी हात लावला आणि ते थेट व्हॉल्व्हकडे धावले. तो फिरेना. पलीकडून कोणी धरून ठेवावा तसा घट्ट बसला होता. बाईने बाळाला माझ्या उबदार अंगाशी ठेवले आणि तीही जोर लावू लागली. दोघांचे हात सोलले, तेव्हा कुठे तो बंद झाला. थोड्या वेळाने माझ्या कुशीत बाळाने टाहो फोडला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली खरी शाबासकी तीच.

तपासणीत मी एकसष्ट भरलो.

"मागच्या वेळी अठ्ठ्याऐंशी कसे आले होते?" साहेबांनी विचारले.

"मी रिकामं घर तापवलं, साहेब," मिस्त्री म्हणाले. त्यांना त्याच दिवशी घरी पाठवले.

परवा मला उचलायला माणसे येणार आहेत. माझ्या जागी येणारा नवा संच अंगणात उभा आहे. फार हुशार आहे म्हणतात, पण त्याला त्या घराविषयी कोणी काही सांगितलेले नाही. आता मला गॅस नाही, सगळे पाइप गार पडलेत. त्या घराकडे जाणारा तेवढा एकच पाइप मधूनच थरथरतो.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी असे एखादे तळघर सांभाळेल. यंत्राची निगा राखा, ऊब माणसांना द्या, आणि आकडा कमी पडला तर खुशाल पडू द्या. तो व्हॉल्व्ह तेवढा उघडू नका. त्या घरात कोणी राहत नाही. पण तिथे जे आहे, त्याला आता उबेची चटक लागली आहे.