गुणाजी रॉक ऐकायला निघाले

मित्रांनो, मी टेपरेकॉर्डर आहे आणि आता पार जुना झालो आहे. माझे झाकण नीट लागत नाही आणि चाकेही फिरत नाहीत. मरोळच्या चाळीतल्या एका खोलीत, पत्र्याच्या कपाटावर माझे बहुतेक आयुष्य गेले. खरे सांगायचे तर मी दमलो आहे. पण १९८६ सालातले ते तीन आठवडे मात्र तुम्हाला सांगावेसे वाटतात.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यातला. रुक्मिणीबाईंचे भाऊ लवू कुवेतला कामाला होते. त्यांनी मला टॉवेलात गुंडाळून आणले आणि बहिणीच्या हाती दिले. त्या दिवशी निम्मी चाळ मला बघायला दारात जमली होती. रुक्मिणीबाईंनी माझ्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला. भजने, नाट्यगीते, लवूमामांनी कॅसेटवर बोलून पाठवलेली पत्रे, मी सगळे वाजवले. माझे फार कौतुक झाले.

रुक्मिणीबाईंचे यजमान गुणाजी बावीस वर्षे कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. शेकडो साचे एकाच वेळी धडधडायचे आणि तो सगळा आवाज त्यांच्या कानांवर आदळायचा. मग संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. गुणाजी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामात खोकी उचलायला जाऊ लागले.

कामावरून आले की ते मला लावत आणि आवाज वाढवत. पहिल्या वर्षी थोडा, दुसऱ्या वर्षी आणखी. शेजारचे शिवदास भिंतीवर थापा मारू लागले. गुणाजी म्हणत, "ह्या मशीनीत बिघाड झालो हा. आवाज दबलेलो येता."

एका रविवारी ते आणि त्यांची मुलगी नलिनी मला घेऊन अंधेरीला नंदकिशोर नावाच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने मला उघडले, पुसले आणि पूर्ण आवाजात लावले. रस्त्यावरची माणसे वळून बघू लागली. समोरच्या फळवाल्याने कानांवर हात ठेवले.

"काका, मशीन एकदम झकास आहे!" नंदकिशोर ओरडून म्हणाला.

"अजून दबलेलोच येता," गुणाजी म्हणाले.

नंदकिशोरने माझ्याकडे पाहिले, मग नलिनीकडे. त्याने आवाज कमी केला. नलिनीने मान खाली घातली. मित्रांनो, त्या दिवशी मी निर्दोष ठरलो, पण मला त्याचा आनंद झाला नाही. त्यानंतर कितीतरी महिने गुणाजींनी मला हात लावला नाही.

पुढे गोदामाच्या फाटकात एक टेम्पो मागे येत होता. चालकाने तीनदा हॉर्न दिला. गुणाजींना तो ऐकू आला नाही. त्यांच्या पायाचे हाड मोडले आणि कामही सुटले. प्लास्टर निघाले, पाय चालू लागला, तरी ते घराबाहेर पडेनात. कुणी भेटायला आले की ते हसून मान हलवत. हो म्हणायच्या जागी हो आणि नाही म्हणायच्या जागीही हो. ऐकू येत नाही, हे मात्र त्यांनी कधीच कबूल केले नाही. घरातल्यांनीही विषय काढला नाही. माझ्यावर धूळ बसत गेली.

नलिनी तेव्हा चोवीस वर्षांची होती. ती एका कारखान्यात रेडिओचे भाग जोडायची. दिवसभर तापल्या कथलाने बारीक तारांना डाग देऊन तिचे डोळे लाल व्हायचे. तिची मैत्रीण शेवंती तिथेच कामाला होती. एका परदेशी रॉक बँडचा कार्यक्रम शहरातल्या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये होणार होता आणि दोघींनी त्याची तिकिटे मिळवली होती. तीन आठवडे आधी नलिनीने त्या बँडची कॅसेट आणली, फडक्याने मला पुसले आणि लावले.

त्या गाण्यांची मला सवय नव्हती. ढोल असे बडवले जात होते की माझ्याखालचे कपाटही थरथरत होते. त्या कपाटाला पाठ लावून गुणाजी जमिनीवर बसले होते. ते एकदम सरळ झाले. त्यांनी वळून कपाटाच्या पत्र्यावर तळहात टेकवला.

"कोण वाजवता ह्यां?" त्यांनी विचारले.

नलिनी त्यांच्यासमोर येऊन बसली. "बाबा, तुम्हाला ऐकू येतंय?"

गुणाजी पुन्हा कपाटाला पाठ टेकून बसले. गावी भजनात ते पखवाज वाजवत असत. त्यांची बोटे मांडीवर चालू लागली आणि पुढची थाप नेमकी कुठे पडणार, हे त्यांच्या बोटांना आधीच कळू लागले. कॅसेटच्या दोन्ही बाजू संपेपर्यंत ते तसेच बसून होते.

त्याच आठवड्यात शेवंतीचे लग्न ठरले आणि तिच्या घरच्यांनी कार्यक्रमाला जायला नको म्हटले. तिने आपले तिकीट नलिनीला देऊन टाकले. नलिनीने ते वडिलांच्या हातात ठेवले.

रुक्मिणीबाई उसळल्या. "गो नले, डोक्यार पडलंस काय? ह्या वयात त्यांका त्या पोरांच्या गोंधळात खंय व्हरतंस?"

"आई, सहा महिने झाले, ते जिना उतरले नाहीत. कुठेतरी जाऊ दे ना त्यांना!"

गुणाजी तिकिटाकडे बघत राहिले. मग ते परत देत म्हणाले, "कुणी काय विचारला तर? माझा हसा होतला."

नलिनीने तिकीट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सरकवले आणि ती भात जेवायला बसली. दमलेल्या माणसाला वाद घालायची ताकद नसते.

तयारी मात्र तिने सोडली नाही. रोज कामावरून आली की ती कॅसेट लावायची. गाणे सुरू झाले की वडिलांच्या मनगटावर बोटाने खूण करायची. एक टिचकी म्हणजे चला, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे मी इथेच आहे. कधी गाणे चालू असताना तिचा डोळा लागायचा आणि गुणाजी हलकेच तिच्या डोक्याखाली उशी सारायचे. मीही थकत चाललो होतो. माझ्या मोटरचा पट्टा सैल झाला होता, पण थांबायची माझी हिंमत होत नव्हती.

कार्यक्रमाला दोन दिवस उरले असताना मी घात केला. माझ्या चाकात फीत अडकली, गुंडाळली गेली आणि तुटली.

"वाट लागली!" नलिनीने माझ्यावर जोरात चापट मारली आणि ती रडू लागली. ते रडणे फक्त फितीसाठी नव्हते, हे मला कळले.

गुणाजींनी तिला बाजूला केले. माझ्या पोटातून त्यांनी फीत इंचाइंचाने सोडवली. साच्यावर तुटलेला धागा जोडण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. ब्लेडने त्यांनी दोन्ही टोके सारखी कापली, चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला आणि बोटाने दाबला. मग कॅसेट पेन्सिलीने फिरवून माझ्यात घातली. गाणे सुरू झाले. जोडाच्या जागी ते किंचित अडखळले आणि पुढे गेले.

तेवढ्यात शिवदास दारात आले. रोजच्या आवाजाने ते वैतागले होते. "अहो गुणाजी, किती दिवस हे चालणार?" ते मोठमोठ्याने विचारू लागले. गुणाजी सवयीने हसले, मान हलवू लागले आणि मध्येच थांबले.

"शिवदास, आरडू नको," ते म्हणाले. "माका ऐकाक येणा नाय. हकडे समोर ये आणि सावकाश बोल."

 रुक्मिणीबाईंच्या हातातले ताट तसेच राहिले. शिवदास आत आले, गुणाजींसमोर बसले आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "माझ्या नातवाची परीक्षा आहे. संध्याकाळी थोडा वेळ बंद ठेवाल?"

"ठेवतंय," गुणाजी म्हणाले. त्यांना सगळे कळले होते.

शनिवारी दुपारी रुक्मिणीबाईंनी नवऱ्याच्या सदऱ्याला स्वतः इस्त्री केली. बापलेक जिना उतरून कार्यक्रमाला गेले. मी कपाटावरच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना नलिनीने आईला सगळे सांगितले. गुणाजी पुढच्या लोखंडी कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभे होते. चार गाण्यांनंतर पाय दुखू लागला म्हणून बसले, आणि बसूनही कठडा त्यांनी सोडला नाही.

"तिथे काय झाला सांगू?" गुणाजी मध्येच म्हणाले. "कोणाक कोणाचा ऐकाक येय नव्हता! सगळी पोरां हातवारे करून बोलत होती. गिरणीत आम्ही तसेच बोलायचो. त्या सगळ्यांत सरावाचो मी एकटोच."

रुक्मिणीबाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

सोमवारी त्या नवऱ्याला घेऊन कानाच्या दवाखान्यात गेल्या. गेलेले परत येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. यंत्र लावले तर थोडे ऐकू येईल. ते लावले की गुणाजींचे डोके दुखायचे, म्हणून ते सकाळीच तेवढे लावत आणि भाजी आणायला जात.

माझा पट्टा पुढच्याच वर्षी तुटला. तसला पट्टा आता मिळत नाही, आणि मलाही त्याची फारशी खंत नाही. मित्रांनो, एकच मागणे आहे. तुमच्या घरातले कुणी "काय म्हणालास?" असे पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर "काही नाही, जाऊ दे" असे म्हणू नका. तुम्ही दमलेले असाल, मला ठाऊक आहे. तरी उठा, त्यांच्यासमोर जाऊन बसा आणि पुन्हा सांगा.