न फिरवलेली बाटली

लॅबमध्ये ताईचा दरारा असा, की हातमोजे न घालता कोणी इन्क्युबेटरचं दार उघडलं तर ती त्याची अशी खरडपट्टी काढायची, की बिचारा आठवडाभर हातमोजे घालूनच चहा प्यायचा. तेवीस वर्षं ती पेशी वाढवत होती. स्टेम सेल म्हणजे महा नखरेल. जरा गरम झालं, जरा धक्का लागला की टाकल्या माना. ताईच्या हाताखाली मात्र त्या गुमान वाढत.

पण आता पेशींना कोण विचारतो! त्या ज्या द्रावात वाढतात, तो ताई पूर्वी खुशाल बेसिनमध्ये ओतून द्यायची. आता सगळ्यांचा डोळा त्याच्यावरच. त्यात पेशींनी सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात, त्यांना म्हणतात एक्सोझोम. त्यांत औषध भरून टोचलं, की लिव्हर त्यांना परकं न समजता आत घेतं. लिव्हर निकामी झालेल्या उंदरांना त्या दिल्या, आणि शेवटच्या खेपेला तर उंदीर टुणटुणीत झाले. लॅबच्या प्रमुख डॉक्टर मॅडम नाचायच्याच बाकी होत्या. सोमवारी कागद परवानगीला जाणार होते आणि महिन्याभरात माणसांवर पहिली चाचणी सुरू होणार होती.

यादीत पाचवं नाव ताईच्या थोरल्या भावाचं होतं. दादा जन्मात कधी चहाच्या पुढे गेला नव्हता, पण लिव्हरनं त्याला अट्टल दारुड्याला द्यावा तसा दगा दिला. "लोक माझ्या तोंडाचा वास घेऊन बघतात गं, चिमे!" म्हणून तो हसायचा. घरी ताईला चिमीशिवाय दुसरं नावच नव्हतं. उंदरांची बातमी ऐकल्यापासून तो कॅलेंडरवर एकेक दिवस खोडत होता.

शुक्रवारी सकाळी ताई फ्रीज आवरत होती. पेशींच्या खुराकात वासराच्या रक्तातलं सीरम घालतात, आणि त्यात वासराच्या स्वतःच्या पिशव्या असतातच. म्हणून ते अठरा तास यंत्रात गरगर फिरवायचं, पिशव्या तळाशी बसवायच्या आणि वरचं तेवढंच घ्यायचं. फिरवलेल्या बाटलीला ताई निळी पट्टी चिकटवायची. शेवटच्या खेपेसाठी पट्टी लावलेल्या चार बाटल्या समोर होत्या. चारही सीलबंद.

"अगं बाई!" मग वापरलं काय? तिनं वही काढून त्या खेपेची तारीख बघितली. त्या दिवशी दादाच्या पोटात पाणी भरलं होतं. त्याला हॉस्पिटलात नेऊन, पाणी काढून, घरी पोचवून ती धावतपळत आली होती आणि पट्टी न बघता हाताला लागेल ती बाटली उघडली होती. म्हणजे उंदीर बरे झाले ते पेशींच्या पिशव्यांनी की वासराच्या, देव जाणे.

गप्प राहिली असती तर कुणाला सुगावाही लागला नसता. दादाला महिन्याभरात इंजेक्शन मिळालं असतं. पण त्याच्या अंगात जाणारं औषध काही कामाचं आहे की नाही, हे तिलाच ठाऊक नव्हतं. दहा मिनिटं ती फ्रीजचं दार सताड उघडं टाकून उभी राहिली. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"पुन्हा करायला किती लागतील?"

"चार महिने. कितीही घाई केली तरी."

"तुमचा भाऊ यादीत आहे ना?"

"आहे."

मॅडमनी त्याच दिवशी सोमवारचे कागद रोखून धरले.

दादा खिडकीपाशी उशीला टेकून बसला होता. ताईनं चप्पलही न काढता, उभ्या उभ्या सांगून टाकलं.

"चार महिने?" तो म्हणाला. "मी असेन का गं तेव्हा?"

"माहीत नाही, दादा." इथे खोटं बोलायला तिची जीभ रेटली नाही.

त्यानं फुगलेल्या पोटावर हात ठेवला. मग त्यानं एकदम वर बघितलं. "झालं कधी हे? मला पाणी काढायला नेलंस, त्या दिवशी?"

"छे! ते आधीच्या आठवड्यात. मी फोनवर मैत्रिणीशी बोलत होते. लक्षच नव्हतं."

"फोनवर!" दादा उसळला. त्याचे पिवळे डोळे भरून आले. "माझा जीव टांगणीला आणि तू गप्पा छाटत होतीस? लाज कशी वाटली नाही तुला?"

"चुकलं, दादा."

"चुकलं म्हणे! जा, तोंड दाखवू नकोस मला."

तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. ताई पायथ्याशी बसली, तेव्हा त्यानं पायही आखडून घेतले. त्याच्या शिव्या ती महिनोन्‌महिने खाऊ शकली असती. त्या दिवसाची खरी गोष्ट मात्र दादाला सोसली नसती.