बिनमिठाची पेज

काळ्या बरणीतली दोन चिमटी पूड पवळमने पेजेत टाकली, डाव फिरवला आणि मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं. तिला रोज सकाळी वाटायचं की दारात मामा उभा आहे. आजचा पंचेचाळिसावा दिवस. आणखी तीन दिवस गेले की अठ्ठेचाळीस दिवसांचं मंडल पुरं. मग इसक्कीमुत्तू कधी म्हातारा होणार नव्हता, कधी मरणार नव्हता, आणि हे हवं की नको ते त्याला कोणी विचारलेलं नव्हतं.

वाडगा घेऊन ती पडवीत आली. इसक्की पाय पसरून बसला होता. दोन्ही तळव्यांना हिरवा लेप थापलेला.

"आली का पंचपक्वान्नं?" तो म्हणाला. "ए पोरी, खरं सांग, यात चुकून मिठाचा एक खडा पडला तर तुझा आजोबा मला सुळावर देईल का?"

"देईल. आणि तुझ्या शेजारी मला."

"शेजारी तू असलीस तर चालेल."

ती हसली. तो पेज ओरपत होता.

इसक्की तूत्तुक्कुडीकडचा, मिठागरात राबणारा, एकवीस वर्षांचा. खाऱ्या पाण्यात अनवाणी उभं राहून तळव्यांना भेगा पडल्या, भेगांच्या जखमा झाल्या. कोणीतरी सांगितलं की कुट्रालमच्या डोंगराखाली चोक्कलिंगम वैद्यर आहेत, त्यांच्या हाताला गुण आहे. वैद्यरांनी पाय पाहिले आणि हुकूम सोडला: दोन मंडलं, म्हणजे शहाण्णव दिवस इथं राहायचं, लेप लावायचा, बसल्या बसल्या औषधं कुटून द्यायची, आणि मीठ-चिंचेला शिवायचं नाही. जन्मभर ज्याने दुसऱ्यांसाठी मीठ ओढलं त्यालाच मीठ बंद.

पवळमला सगळे वैद्यरांची नात समजत. पूर्वी मुलगी समजत, त्याही पूर्वी धाकटी बहीण. खरं म्हणजे ती त्यांची भाची. ती एकोणीस वर्षांची होती तेव्हा मामा चोवीसचा होता. आता मामा सत्तर वर्षांचा झाला होता, आणि ती एकोणीसचीच होती. शेहेचाळीस वर्षांत तिला एकदाही नखं कापावी लागली नव्हती.

वाडवडिलांच्या ताडपत्रांत मामाला हा वय थांबवणारा कल्प सापडला होता. आधी त्याने तो स्वतःवरच करून पाहिला. पण अठ्ठेचाळीस दिवस बिनमिठाचं जेवायचं म्हणजे काय खाऊ आहे? एकोणिसाव्या दिवशी शेजारच्या चुलीवर सुकी मासळी भाजल्याचा वास आला, आणि आमचे सिद्धपुरुष वाटी घेऊन शेजारी हजर झाले. औषध गेलं वाया. मग त्याने जिभेवर ताबा असलेलं माणूस शोधलं, आणि ते घरातच मिळालं. लग्न लवकर जमावं म्हणून नवस आहे, असं बहिणीला सांगून तो पवळमला आपल्याकडे घेऊन आला. तीही भाबडी, नवस म्हणून अठ्ठेचाळीस दिवस ती पेज प्यायली. कल्प लागू पडला तेव्हा त्याने बहिणीला कळवलं, पोरगी कुणाबरोबर तरी पळून गेली. शोधू नकोस.

तेव्हापासून ती मामाच्या पडवीतल्या बाकावर बसायची. कोणी बडा माणूस मोटारीतून यायचा, मामा भिंतीवरचा तिचा जुना फोटो दाखवायचा, मग बाकाकडे बोट करायचा. माणसाचे डोळे पांढरे व्हायचे आणि तो लेह्याच्या, म्हणजे चाटणाच्या, बरण्या घेऊन जायचा. बरण्यांत नुसता आवळा असायचा. पवळम गप्प बसायची.

पळून का गेली नाही? तसा मामा दाराला कधी कुलूपही लावत नसे. एकदाच, पहिल्या वर्षी, त्याने एक कोंबडा आणला. "यालाही कल्प दिलाय," म्हणाला, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याला मिठाचा भात घातला. कोंबड्याने चार दाणे टिपले आणि पाय ताणून आडवा झाला. "बघितलंस? मंडल पुरं झालेल्याच्या पोटात मीठ गेलं की थांबलेली वर्षं एकदम अंगावर येतात. आईकडे जायचंय ना? जा की. तिच्या हातचा एक घास खा, आणि तिच्याच मांडीवर माती हो."

ती गेली नाही. आई सतरा वर्षांपूर्वी वारली. मामाने ही बातमी दाढी करता करता सांगितली होती.

आणि मग हा आला, लेप लावलेले पाय घेऊन. पहिलं मंडल असंच गेलं. तो कुटायचा, ती चाळायची. तो आगरातल्या गोष्टी सांगायचा: वाफ्यावर मिठाची साय कशी धरते, उन्हात डोळे कसे दिपतात, मुकादम कसा चालतो. त्याची नक्कल पाहून ती इतकी हसली की चाळण सांडली. शेहेचाळीस वर्षांत तिला कोणी हसवलं नव्हतं. एकदा चाळणीखाली त्यांचे हात एकमेकांना लागले आणि दोघांनीही बराच वेळ काढून घेतले नाहीत.

मंडलाच्या शेवटच्या दिवशी तो म्हणाला होता, "माझी आई बेचाळीसची आहे, दिसते साठीची. मीठ माणसाला वाळवतं. मीही तिशीत म्हातारा होईन. मग तू ढुंकून बघणार नाहीस." म्हणाला चेष्टेत. पण त्या बाकावर बसून तिने सगळ्या गावाला पिकताना पाहिलं होतं, आणि याला तसं बघणं तिच्याच्याने होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने कल्पाची काळी बरणी उघडली. प्रेमापोटी केलं, असं ती स्वतःला रोज समजवायची. मग त्याला सांगायची इतकी भीती का वाटत होती?

त्या दुपारी मामाने हाक मारली. काळी बरणी त्याच्या मांडीवर होती.

"निम्मी झालीय," तो म्हणाला.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. मामा हसला. चांगलं तोंडभरून हसला.

"शाबास! माझीच भाची शोभतेस. किती दिवस झाले?"

"पंचेचाळीस."

"त्याला ठाऊक नाही ना?"

तिने मान हलवली.

"उत्तम. सांगितलं की माणसं हजार फाटे फोडतात. मीही तुला कुठं सांगितलं होतं? तुझं भलं कशात आहे ते मला कळत होतं. आता तुला कळलं असेल, मामा वाईट नव्हता." तो बरणीवर टिचकी मारत म्हणाला, "तीन दिवस आणखी. मग त्यालाही कोंबडा दाखवू. बाकावर जोडी छान दिसेल."

ती उठली आणि परसात जाऊन उभी राहिली. मामाने आजवर तिला पुष्कळ बोल लावले होते, पण या शाबासकीने लागलं तितकं कशानेच लागलं नव्हतं. तिला स्वतःची किळस आली. कुठल्या तोंडाने मामाला दोष द्यायचा आता? दोघांचा मसाला एकच.

तिने भिंतीवरचा फोटो काढला आणि तो इसक्कीच्या पुढ्यात ठेवला.

"ही कोण? तुझी आजी का? अगदी तू."

"मीच आहे," ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. आधी तो हसला. मग फोटोतल्या हनुवटीवरचा व्रण आणि तिच्या हनुवटीवरचा व्रण त्याने दोनदा पाहिला, आणि त्याचं हसू मावळलं.

"आणि माझ्या पेजेत?"

"पंचेचाळीस दिवस."

"मला विचारलंस?"

"नाही."

"विचारायचं सुचलं नाही, की मी नाही म्हणेन म्हणून विचारलं नाहीस?"

खोटं बोलायला एक क्षण होता. तिने तो जाऊ दिला. "तू नाही म्हणशील म्हणून."

इसक्कीच्या कमरेला एक पुरचुंडी असायची. दृष्ट लागू नये म्हणून आईने बांधून दिलेलं मीठ आणि दोन मिरच्या. त्याने गाठ सोडली, चिमूटभर मीठ उचललं आणि तिच्याकडे बघत तोंडात टाकलं.

"मंडल मोडलं ना?"

"मोडलं."

"माझी आई आगरात वाळतेय," तो म्हणाला, "आणि मी काय तिला सरणावर ठेवून नंतर शंभर वर्षं तुझ्या शेजारी बाकावर बसायचं? अगं, मला तू आवडत होतीस. नुसतं 'राहा' म्हणाली असतीस, तर राहिलो असतो."

लेप धुवून, पिशवी खांद्याला लावून तो बाहेर पडला. 'ये' म्हणाला नाही.

पवळमने चपला घातल्या. मामा दारात आडवा आला नाही. त्याला कधीच यावं लागलं नव्हतं.

"कुठं निघालीस? तिकडच्या वाऱ्यातसुद्धा मीठ आहे. पोचायच्या आत माती होशील."

"होऊ दे."

"आणि बाकावर कोण बसेल?" हे त्याच्या तोंडून निसटलंच. मग त्याने सूर बदलला. "तुला काय कमी केलं मी? शेहेचाळीस वर्षं पोसलं. खाल्ल्या मिठाला तरी जाग, पोरी."

"कुठलं मीठ, मामा?"

 ती पायरी उतरली. 

तेंकासीच्या स्टँडवर तिने इसक्कीला गाठलं. त्याने तिच्याकडे न बघता दोन तिकिटं काढली. तिरुनेलवेलीपर्यंत ती त्याच्या मागच्या बाकावर होती, पुढच्या बसमध्येही. शेवटी न राहवून तो मागे वळला.

"माझ्यामागे येऊन काही उपयोग नाही. माझा राग जायचा नाही."

"तुझ्यामागे नाही येत. मिठामागे येतेय."

"मरायला?"

"मामा म्हणतो तसं झालं तर, हो. पण मी तुला जे देत होते त्यात आता मला एक दिवसही राहायचं नाही."

तो पुढे वळला. पण पुढच्या स्टॉपला मागे येऊन तिच्या शेजारी बसला, मध्ये पिशवी ठेवून.

संध्याकाळी ते पोचले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाफेच वाफे आणि मिठाचे ढीग. वारा तोंडावर येत होता. पवळमने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

इसक्कीची आई चेल्लत्ताई नुकतीच आगरातून आली होती. लेकाचे तळवे उलटसुलट करून पाहिल्याशिवाय तिने त्याला आत घेतलं नाही. मग तिचं लक्ष पवळमकडे गेलं.

"ही कोण रे?"

"वैद्यरांकडची."

"अगं बाई, मग उभी का? बस. आधी जेव. चौकशा नंतर करते." तिने पाण्यातला शिळा भात थाळीत वाढला, मूठ उघडून मीठ टाकलं, हाताने कालवलं, बाजूला सुकी मासळी ठेवली. पवळम थाळीकडे बघत राहिली.

"काय गं? आमच्या घरचं मीठ चालत नाही का तुला?"

इसक्की ताडकन पुढे झाला. राग होता तरी झाला. त्याने थाळीवर हात धरला. "नको. आई, तिला नको वाढूस."

"हात काढ," पवळम म्हणाली. "या वेळी मला विचारलं गेलंय. मी हो म्हणते."

त्याने हात काढला. तिने घास उचलला. शेहेचाळीस वर्षांनी जिभेला मीठ लागलं आणि तिच्या डोळ्यांसमोर आईची चूल आली. तिने घास गिळला, डोळे मिटले आणि वाट पाहत बसली. इसक्कीने तिचं मनगट पकडलं होतं. बाहेर कोणीतरी सायकलवरून घंटी वाजवत गेलं. चेल्लत्ताई म्हणाली, "तिखट लागलं का?"

पवळमने डोळे उघडले. तिने आपले हात उलटेपालटे करून पाहिले. तेच हात. तिने दुसरा घास खाल्ला, मग तिसरा. आणि मग ती रडायला लागली, अशी की चेल्लत्ताईने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"काय होतंय तुला?" इसक्की घाबरून विचारत होता. "पवळम, काय होतंय?"

"काही नाही होत," ती म्हणाली. "काहीच नाही होत रे! कोंबड्याला त्याने विष घातलं होतं. मीठ खाल्लं की माणूस फक्त चारचौघांसारखं होतं. आजपासून रोजचा एक दिवस जाईल, बस्स. एवढंच होतं ते!"

"मग रडतेस का? जगलीस की."

 चेल्लत्ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. तो हात खरबरीत होता आणि त्याला मिठाचा वास होता.

"माझी आई," पवळम म्हणाली. "मी गेल्यावर एकोणतीस वर्षं होती ती. मामा एकदा सांगत होता, रोज माझं ताट वाढून ठेवते म्हणून. हसत सांगत होता. मी घाबरून गेले नाही. एका घासाला घाबरले."

इसक्कीने मनगट सोडलं नव्हतं. "कुठं होतं तुझ्या आईचं गाव?"

"कडयनल्लूरच्या अलीकडे," ती म्हणाली. "मामाच्या दारातूनच बस जायची. पाऊण तास लागतो."