फुटाण्याची पेशी

"आरोपी हाजिर हो!"

स्वानंदीनं फर्मावलं आणि जयंतनं फुटाण्याला पोटाखाली हात घालून खुर्चीसमोर आणून बसवलं. आरोपी क्षणभर बसला. मग उठला आणि जयंतच्या मोज्याचं टोक दातात धरून मागं ओढू लागला.

"पापा, सीरियसली करो ना!"

"अगं, तो सीरियसच आहे. मोज्याच्या बाबतीत."

घरातली थोरली कुत्री ठकी टेबलाखाली पडून एका डोळ्यानं हे बघत होती. भीमा मात्र उठून कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. घरात कोणाचीही पेशी असली तरी ती आपलीच, अशी या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरची कायमची समजूत होती.

पेशीची पद्धत जयंतच्या वडिलांची, अच्युतरावांची. हवाई दलात चूक करणाऱ्याला साहेबासमोर टोपीशिवाय उभं करतात आणि आरोप वाचून दाखवतात. अच्युतरावांनी तीच रीत घरातल्या कुत्र्यांना लावली. बदल्या संपल्या, चंदीगडला घर झालं, निवृत्ती आली, पण जेवणाच्या टेबलाजवळची ती खुर्ची राहिली. चपला पळवल्या, पेशी. दुधाच्या पिशवीला भोक पाडलं, पेशी. आरोप शुद्ध मराठीत वाचला जाई आणि शिक्षा बहुतेक वेळा माफ होई. अच्युतराव गेल्यावर खुर्ची नातीकडे आली. भाषा तेवढी बदलली.

"आरोप ये है," स्वानंदी म्हणाली, "कि तुमने कल आजी के दीवान पे सू-सू किया. उससे पहले कार्पेट पे. कुछ कहना है?"

फुटाण्यानं मोजा काढण्यात यश मिळवलं होतं. तो घेऊन तो सोफ्याखाली पळाला. जयंत हसला, स्वानंदीही हसली.

सुनेत्राबाई खिडकीशी बसून मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बस, हो गया मज़ाक," हरलीन स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. कॉलेजातून येऊन तिनं अजून शालही काढली नव्हती. "इस धुंद में गद्दा सूखता कहाँ है? हफ़्ते भर से धूप नहीं निकली. जयंत, मैंने मामाजी से बात कर ली है. संडे को इसे पिंजौर छोड़ आऊँगी. नर्सरी है, खुली जगह है, वहाँ जो करना है करे."

"ममा, नो!"

"बेटा, भीमा बूढ़ा है, ठकी बूढ़ी है, उनको भी मैं ही देखती हूँ. ये नहीं सीख रहा तो मैं क्या करूँ?" मग ती सासूकडे वळली. "मम्मीजी, आप बोलो. आपने तो सारी उमर कुत्ते पाले हैं. ऐसा कोई देखा?"

प्रश्न सरळ होता. हरलीनच्या मनात दुसरं काही नव्हतं. या घरातल्या प्रत्येक पिल्लाला कुठं करायचं ते सुनेत्राबाईंनीच शिकवलं होतं. पहाटे स्वेटर चढवून त्या पिल्लाला मागच्या कडुनिंबाखाली नेत, "चल बाई, कर लवकर" म्हणत थंडीत उभ्या राहत, आणि काम झालं की असं कौतुक करत की पिल्लाला वाटावं आपण लढाई जिंकली. सेक्टरमधले लोक आपापली पिल्लं घेऊन त्यांच्याकडे येत. "आंटीजी, आपके हाथ में जादू है," म्हणत. चंदीगडमध्ये इतकी वर्षं काढून त्यांनी स्वतःचं असं कमावलेलं नाव तेवढंच. बाकी त्या कुणाची तरी बायको होत्या, कुणाची तरी आई.

फुटाणा तर सगळ्यांत लवकर शिकला होता. दिवाळीत स्वानंदीनं त्याला मार्केटमागून उचलून आणलं, आणि थंडी पडेपर्यंत तो स्वतः मागच्या दाराला पंजे मारून बाहेर जायचं सांगू लागला होता. हे घरात फक्त त्यांनाच नीट माहीत होतं, कारण दिवसभर घरात त्याच असत.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. स्वानंदी तर फार आशेनं.

"काही पिल्लं नाही शिकत," सुनेत्राबाई म्हणाल्या आणि पुढची शेंग सोलायला घेतली.

*

गालिच्याच्या वेळी त्यांनी काहीच केलं नव्हतं. दारावरची घंटा वाजली, घाईनं उठताना ते झालं, आणि हरलीन आत आली तेव्हा फुटाणा तिथं उभा राहून हुंगत होता. आरोप आपोआप ठरला. त्या फक्त बोलल्या नाहीत.

दिवाणाचं तसं नव्हतं.

त्या दुपारी फुटाण्यानं भीमाचा कान धरून त्याला ओढत न्यायचं ठरवलं होतं. भीमा दगडासारखा पडून. फुटाणा जोर लावून मागं सरकला, सरकता सरकता दिवाणावरून खाली बादलीत पडला आणि बादलीसकट घरभर फिरला. दिवाणावर बसलेल्या सुनेत्राबाई हसल्या. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. अच्युतराव गेल्यापासून इतकं हसल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आणि हसता हसताच त्यांना खाली ऊब जाणवली.

त्यांनी परकर बदलला, पातळ बदललं, बादलीत बुडवलं. गादी तेवढी उचलवेना. फुटाणा दमून त्यांच्या चपलेवर डोकं ठेवून झोपला होता. तेवढ्यात फाटकाशी हरलीनची गाडी थांबल्याचा आवाज आला.

त्यांनी झोपलेल्या पिल्लाला दोन्ही हातांनी उचललं आणि त्या ओल्या जागेवर ठेवलं.

त्यानं एक डोळा उघडला, त्यांचा अंगठा चाटला आणि पुन्हा झोपला.

*

रविवारी स्वानंदी खोलीतून बाहेरच आली नाही. तिची समजूत काढायला जयंत घरी थांबला. "मी येते तुझ्याबरोबर," असं सुनेत्राबाई हरलीनला म्हणाल्या, तेव्हा दोघंही चकित झाली. का जायचं हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. सकाळपासून त्यांनी चहा घेतला नव्हता, पाणीही नाही. हल्ली घराबाहेर पडायचं म्हणजे हे असंच.

फुटाणा त्यांच्या मांडीवर होता, टॉवेलात गुंडाळलेला. पंचकुला मागं पडेपर्यंत तो खिडकीच्या काचेवरचं बाष्प चाटत होता. बाहेर धुकं इतकं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत.

"मैं बुरी नहीं हूँ, मम्मीजी," हरलीन एकदम म्हणाली.

"मैंने कब बोला?"

"स्वानंदी ने बोला. कल रात. 'ममा, यू आर मीन.'" तिनं नाक ओढलं. "दो दिन से ढंग से खाना नहीं खा रही."

सुनेत्राबाई टॉवेलाचं टोक नीट करत राहिल्या.

पिंजौरच्या अलीकडे धुक्यातून अचानक एक ट्रॅक्टर आडवा आला. हरलीननं करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली, कुणालाच काही लागलं नाही. पण सुनेत्राबाईंच्या अंगातून भीती एकदम खाली उतरली आणि त्यांना ती थांबवता आली नाही. पातळ, परकर, सीट. बंद काचांच्या गाडीत वास लपायला जागा नसते.

हरलीननं गाडी कडेला घेतली. "कर दिया ना? देखा? आपकी गोद में भी!" तिनं हात लांबवून फुटाण्याला मानेला धरून उचललं आणि त्याच्या नाकावर चापट मारली. "गंदा! गंदा बच्चा!"

फुटाणा केकाटला नाही. त्यानं कान मागं पाडले, डोळे मिटले, आणि जे काही केलं असेल ते कबूल असल्यासारखी मान खाली घातली.

"हरलीन, छोड़ उसको."

"नहीं मम्मीजी, आप लाड़..."

"वो सूखा है. हाथ लगाके देख."

हरलीननं टॉवेल चाचपला. पिल्लाचं पोट चाचपलं. मग तिचा हात तिथंच थांबला.

"मी," सुनेत्राबाई म्हणाल्या. हिंदी आठवेना. "मी केलं. आजही मीच."

वायपर काचेवरून फिरत राहिले.

"दीवान?"

"दीवान भी. कार्पेट भी." इथं थांबता आलं असतं. हरलीननं याहून जास्त विचारलं नव्हतं. "दीवान पे... वो सोया था. मैंने उठाके रखा उसको. गीले पे. तेरी गाडी आयी, तब."

हरलीननं त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत दया नव्हती. दया असती तर सोसली असती.

"स्वानंदी तीन बार पूछ के गई थी आपसे. कि आजी, आप ममा को समझाओ."

"हो."

"एक बार बोल देतीं मुझे."

"काय बोलू? तूच म्हणतेस, मम्मीजी सबको सिखाती हैं. किस मुँह से बोलू?"

फुटाण्याला हरलीननं परत सासूच्या मांडीवर ठेवलं, मग ती जागा ओली आहे हे आठवून उचललं आणि स्वतःच्या जाकिटात घातलं. चेन ओढली. बाहेर फक्त दोन कान आणि नाक राहिलं. हीटर वाढवला आणि गाडी पुढं काढली. वळवली नाही.

सुनेत्राबाईंना वाटलं, नर्सरीलाच निघाली. काही बोलायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, असंही वाटलं.

गाडी पिंजौरच्या बाजारात थांबली. दुकानांची शटरं नुकतीच उघडत होती. "बैठो," म्हणून हरलीन जाकिटातल्या पिल्लासकट एका रेडिमेडच्या दुकानात शिरली. थोड्या वेळानं येऊन तिनं दार उघडलं आणि आपली शाल सासूच्या कमरेभोवती मागून नीट गुंडाळली. "पीछे कमरा है. आ जाओ. कोई नहीं है."

दुकानाच्या मागं खोक्यांच्या राशीत पडदा लावलेला आडोसा होता. आत हरलीननं एक मातकट रंगाचा गरम सूट पुढं केला.

"मी हे कधी घातलं नाही," सुनेत्राबाई म्हणाल्या.

"पता है. साड़ी यहाँ मिलती नहीं."

इतकी वर्षं पंजाबच्या थंडीत त्यांनी पातळाखाली लोकरीचे मोजे घालून काढली होती. शेजारणी थट्टा करत, अच्युतरावही करत. त्या हट्टानं नेसत राहिल्या होत्या. आता त्या खोक्याला धरून उभ्या राहिल्या आणि हरलीन खाली बसून त्यांचा एकेक पाय सलवारीत घालू लागली. नाडी कशी बांधायची ते त्यांना येईना. हरलीननं बांधली, लहान मुलाची बांधतात तशी, फास ओढून बघत. जाकिटातून फुटाणा नाडीचं टोक पकडायचा प्रयत्न करत होता.

पातळ जमिनीवर पडलं होतं. सुनेत्राबाई वाकल्या. "ते मी घेते. राहू दे. तू नको हात लावू."

"मम्मीजी, हटो."

तिनं ते उचललं, ओली बाजू आत जाईल अशी घडी घातली, आणि दुकानाच्या रंगीत पिशवीत ठेवलं.

बाहेर दुकानदारानं कौतुकानं पाहिलं. "माताजी नूं बड़ा सोहणा लगदा ए!"

सुनेत्राबाईंनी त्याला हात जोडले.

परतीच्या वाटेवर हरलीन म्हणाली, "कल डॉक्टर के पास चलेंगे. दवाई होती है इसकी." आणि थोड्या वेळानं, "जयंत को बोल दूँगी, मामाजी मिले नहीं. स्वानंदी को भी."

ती वाट सोपी होती. सुनेत्राबाईंनी ती नीट बघून घेतली.

"नको," त्या म्हणाल्या. "उसकी पेशी सबके सामने हुई."

गाडी फाटकाशी थांबली तेव्हा धुकं विरळ झालं होतं. स्वानंदी अनवाणीच पळत आली. हरलीनच्या जाकिटातून तिनं फुटाण्याला ओढून काढलं, आणि मग तिचं लक्ष गेलं. "आजी! आपने सूट पहना?"

सुनेत्राबाई पिशवी घेऊन उतरल्या. सलवार पायांत घोटाळत होती. भीमा आणि ठकी पायऱ्या उतरून सावकाश त्यांच्याजवळ आले. दोघांनी पिशवी हुंगली, नव्या कापडाची किनार हुंगली, हात हुंगला. त्यांना नवीन काहीच सापडलं नाही. घरात कुणाला कळायच्या आधी, पहिल्या दिवसापासून, त्या दोघांना सगळं ठाऊक होतं. भीमा रोजच्यासारखा त्यांच्या गुडघ्याला अंग टेकून उभा राहिला.

सुनेत्राबाईंनी आधारासाठी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"स्वानंदी," त्या म्हणाल्या, "बाबांना बोलव बाहेर. आणि तू पण थांब."